सकाळचा एसेमेस दुपारी दीडला! रेट लिमिटशी झटापट (मदत हवी)

कळशी, मंगळवार रात्री १०:५२

मंडळी, डोकं फुटायची वेळ आली म्हणून धागा काढतोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दोनशे चाळीसएक केंद्रं, एका पाळीला साधारण १८,००० उत्पादक. केंद्रावर काटा आणि फॅटचं मशीन, त्याला जोडलेला आमचा एक डबा. डबा एमक्यूटीटीनं (छोट्या उपकरणांची संदेश पाठवायची पद्धत) नोंद पाठवतो, ती इकडे रॅबिटएमक्यूच्या (संदेश रांगेत ठेवणारं सॉफ्टवेअर) रांगेत पडते, आणि तिथून एसएमपीपीवरून (पुरवठादाराशी बोलायची ठरलेली भाषा) एसेमेस पुरवठादाराकडे. आधी एसेमेस इंग्रजी अक्षरांत जायचा. गेल्या शुक्रवारपासून संचालकांच्या आग्रहानं मराठी केला. तो असा:

"दि. १२/०६ सकाळ. गाय दूध ८.४ लि. फॅट ३.९ एसएनएफ ८.५ दर ३४.२० रक्कम २८७.२८ रु."

केंद्र बंद करताना सचिव बटण दाबतो, मग त्या पाळीचे सगळे एसेमेस एकदम सुटतात. बहुतेक केंद्रं साडेआठच्या सुमारास बंद होतात. पुरवठादारानं सेकंदाला ३० ची मर्यादा (रेट लिमिट) दिलीय. १८,००० भागिले ३०, म्हणजे दहा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात शुक्रवारपासून शेवटचा एसेमेस दुपारी दीडला पोचतोय. लॉगमध्ये थ्रॉटलिंगचा, म्हणजे "वेग जास्त झाला" अशा नकाराचा कोड, हेक्स ५८, पावसासारखा पडतोय. काल तर माझ्या सख्ख्या मामांचाच फोन: "अरे, दुपारी कुणी माझ्या नावावर दूध घातलं?"

पुरवठादार म्हणतो, तुम्ही मर्यादा ओलांडताय. मी म्हणतो, कोडमध्ये ३० लिहिलंय, हे बघा. कुठं चुकतंय?

उसाचाफड, मंगळवार रात्री ११:०५

वाचतोय. आमच्याकडेही हीच रड, फक्त दुधाच्या जागी ऊस आणि वजनाची चिठ्ठी.

तारघर, मंगळवार रात्री ११:३१

कळशी, तुमचा एसेमेस मोजला. ७६ भरतो.

एका एसेमेसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात बिटांची, म्हणून १६०. देवनागरी गेली की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणून ७०. आणि इथं चिन्ह म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "रक्कम" आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, नेटवर्कला पाच: र, क, हलन्त, क, म. ७० च्या वर एक जरी चिन्ह गेलं की संदेशाचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडायची माहिती आत घालावी लागते म्हणून मग प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात.

तेव्हा तुमचे १८,००० नव्हेत, ३६,००० आहेत. मर्यादा तुकड्यांवर लागते, संदेशांवर नाही. तरी वीसच मिनिटं होतात म्हणा. पाच तास नाही. म्हणजे आणखी काहीतरी शिजतंय.

रात्रपाळी, बुधवार रात्री १२:१४

तीन प्रश्न. एक, पुरवठादाराला किती बाइंड (जोडण्या) लावलेत? दोन, विंडो किती? तीन (याच्यातच गोम असणार), ५८ आला की तुमचा कोड काय करतो?

कळशी, बुधवार सकाळी ९:२०

तारघर, ७६ वाचून कपाळावर हात मारला.

रात्रपाळी: सर्व्हर दोन, दुसरा शुक्रवारीच चढवला. प्रत्येकाचा एक बाइंड, विंडो १० ची. ५८ आला तर संदेश रांगेच्या तोंडाशी परत ठेवून लगेच पाठवतो. लायब्ररीच्या रीट्राय हुकमध्ये (नकार आला की आपोआप चालणारा कोड) आहे ते, त्यामुळे... आता लिहितानाच लक्षात येतंय, तो ३० च्या मोजणीतून जातच नाही. आणि हो, दोन्ही तुकडे पुन्हा जातात, तुकडे जोडायचा नवा संदर्भ क्रमांक घेऊन.

रात्रपाळी, बुधवार सकाळी १०:०२

सापडलं की मग. लॉगमध्ये सेकंदाला एकूण किती सबमिट (पाठवायचे प्रयत्न) दिसतात? मोजून सांगा.

कळशी, बुधवार सकाळी १०:१७

साधारण ४५०. मी दोनदा मोजले, खोटं वाटलं म्हणून.

रात्रपाळी, बुधवार सकाळी ११:४०

खोटं नाही, अगदी बरोबर बसतंय. विंडो म्हणजे उत्तर न आलेल्या किती विनंत्या एका वेळी हवेत ठेवायच्या तो आकडा. वेग निघतो विंडो भागिले उत्तराचा वेळ. दोन बाइंडच्या मिळून २०. नकार द्यायला समोरच्याला काहीच काम नसतं, तो ४५ मिलिसेकंदांत येतो. २० भागिले ०.०४५, झाले साडेचारशेच्या आसपास. गंमत बघा: समोरचा जितक्या पटकन "नाही" म्हणतो, तितक्या जोरात तुम्ही दार वाजवता. विंडोनं वेगाला लगाम बसतो असा पुष्कळांचा समज असतो. समोरचा हळू असेल तेव्हाच बसतो.

आता पुढचा हिशेब. ४५० पैकी ३० आत जातात, म्हणजे पंधरातला एक. दोन्ही तुकडे एकाच खेपेत आत जायची शक्यता पंधरा गुणिले पंधरा, २२५ त एक (तुकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून). सेकंदाला २२५ संदेश ढकलता, पुरा जातो एक. १८,००० संदेश, १८,००० सेकंद, पाच तास. साडेआठ अधिक पाच म्हणजे दीड. मामांचा एसेमेस बरोब्बर वेळेवर आलाय.

वाईट बातमी अजून बाकी आहे. त्या पाच तासांत पुरवठादारानं सेकंदाला ३० तुकडे घेतलेच आहेत. ५,४०,००० तुकडे. लागत होते ३६,०००. अर्धवट पोचलेला तुकडा फोनमध्ये जोडीदाराची वाट बघत पडतो, जोडीदार येतो तो नव्या क्रमांकाचा, म्हणून जुळत नाही. पण बिलात दोघंही येतात.

कळशी, बुधवार सकाळी ११:५२

अकाउंटच्या मॅडम सकाळपासून मला शोधतायत. आत्ता कळलं का.

उसाचाफड, बुधवार दुपारी १२:३०

सरळ मर्यादा वाढवून घ्या ना. ३० चे १०० करा, चार पैसे जातील, झोप तरी लागेल. सगळेच जण अल्गोरिदम सांगतात, विकत घ्या असं कुणी म्हणत नाही.

रात्रपाळी, बुधवार दुपारी १२:५५

फडकरी, १०० केले तर ४५० तले १०० आत, दोन्ही तुकडे जायची शक्यता विसात एक. पाच तासांचं काम अर्ध्या तासाच्या आत येईल, मान्य. पण बिल तरीही चौपट-पाचपट. आणि पुढच्या वर्षी केंद्रं वाढली की परत इथंच येऊन धागा काढायचा.

तारघर, बुधवार दुपारी ४:१०

हा रोग जुना आहे बरं. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ, मध्ये अंतर चारशे यार्ड, यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते ४०. पाकीट हरवलं असं वाटून प्रत्येक मशीन तेच पुन्हा पाठवत होतं आणि गर्दीत भर घालत होतं. व्हॅन जेकबसननं १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला: तोटा दिसला की वेग एकदम खाली आणा, मग चाचपडत हळूहळू वाढवा. आजचं टीसीपी (इंटरनेटवर पाकिटं पोचवायची पद्धत) त्याच वळणावर चालतं.

कळशी, तुमचा हुक नेमका याच्या उलट वागतोय. ५८ हा त्या एका संदेशाला मिळालेला नकार नाही. सगळ्या खात्याला "थांबा" म्हटलंय. तो आला की दोन्ही बाइंड सेकंदभर गप्प बसले पाहिजेत, फक्त तो एक संदेश नव्हे. आणि पुन्हा पाठवायचा तो राहिलेला तुकडाच, जुन्याच संदर्भ क्रमांकानं.

गवतीचहा, बुधवार सायंकाळी ५:४५

अवांतर: व्हॉट्सॅप का नाही करत?

कळशी, बुधवार सायंकाळी ६:०२

निम्म्या लोकांकडे बटणांचा फोन आहे हो. आणि धारेच्या वेळी हात ओले.

ओसरी, बुधवार रात्री ९:१८

जुन्या आयआरसीवाल्यांना (इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या खोल्या) "एक्सेस फ्लड", म्हणजे फार ओळी टाकल्या की हाकलताना येणारा शेरा, आठवत असेल. आयआरसीचे नियम सांगणारा दस्तऐवज म्हणजे आरएफसी १४५९, मे १९९३. त्यातली युक्ती मला अजून आवडते. सर्व्हर प्रत्येकासाठी एक घड्याळ ठेवतो. तुम्ही एक ओळ पाठवली की ते दोन सेकंद पुढं ढकलतो. खऱ्या वेळेच्या दहा सेकंद पुढं गेलात की तुमच्या ओळी वाचायच्या थांबवतो. पाचेक ओळी फटाफट जातात, नंतर दोन सेकंदांना एक. ना टोकन मोजायचे, ना दर सेकंदाला बादली भरायची. एक आकडा आणि एक वजाबाकी. मी आजही हेच लिहितो.

कळशी, बुधवार रात्री ९:४०

वेग आवरायच्या टोकन बकेट आणि लीकी बकेट या दोन पद्धतींत मी कायम गोंधळतो. दोन्हीत बादली, दोन्हीत भोक.

तारघर, बुधवार रात्री १०:०५

शंकराच्या देवळात पिंडीवर टांगतात ती गळती आठवा. वर घागर ओता नाहीतर तांब्या, खाली थेंब ठरल्या लयीतच पडणार. ती लीकी बकेट. वर जागा संपली की पाणी बाहेर सांडतं, तेही आलंच. टोकन बकेट म्हणजे रेशनकार्ड समजा. हक्क साठत जातो, वापरला नाही तर ठरावीक हद्दीपर्यंत शिल्लक राहतो, आणि एक दिवस जाऊन साठलेला सगळा एकदम उचलता येतो. (रेशनवर असं प्रत्यक्षात करू देत नाहीत, पण उदाहरण म्हणून चालवून घ्या.)

रात्रपाळी, बुधवार रात्री १०:४८

आणि त्या "एकदम उचलता येतो" मध्येच फसगत आहे. वेग ३०, बादली ३० असं सर्रास लिहितात. बादली भरलेली असताना सुरुवात झाली तर पहिल्याच सेकंदात साठलेले ३० आणि नव्यानं आलेले ३०, मिळून साठ जातात. पुरवठादार लगेच ५८ देतो आणि आपण म्हणतो, मी तर ३० च लिहिलेत! कुठल्याही एका सेकंदातला कमाल आकडा म्हणजे बादली अधिक वेग. तेव्हा वेग २७, बादली ३. बेरीज ३०.

दुसरं, मोजणी खात्याची आहे, सर्व्हरची नाही. दोन सर्व्हरांना मिळून एकच मोजणारा हवा. ते जड वाटत असेल तर दुसरा सर्व्हर नुसता राखीव ठेवा. तुमच्या कामाला दोन लागतच नाहीत, खरं सांगायचं तर.

राईनकाठ, गुरुवार पहाटे २:३०

इकडे जर्मनीत आत्ता रात्रीचे अकराच वाजलेत, म्हणून लिहितो. रॅबिटची बाजू कुणी घेतली नाही. प्रीफेच (एका वेळी किती संदेश उचलायचे ती हद्द) लावलाय का? नसेल लावला तर रॅबिट रांगेतलं सगळं उचलून ग्राहकाच्या (रांगेतून घेणाऱ्या प्रोग्रामच्या) पदरात टाकतो, आणि मग रांग रॅबिटमध्ये नसते, तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीत असते. प्रोग्राम पडला की १८,००० परत रांगेत, परत पदरात. विंडो १० असेल तर प्रीफेच वीस-तीस पुरे.

मागच्या बाजूला थोपवण्याचं (बॅकप्रेशर) म्हणाल तर इथं माझं मत जरा वेगळं आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की खालचा अडला की त्यानं वरच्याला थांबवावं, वरच्यानं त्याच्या वरच्याला. रॅबिटही शेवटी तेच करतो: मेमरीची रेघ ओलांडली की पाठवणाऱ्यांची कनेक्शनं अडवून धरतो. पण तुमच्या साखळीत सगळ्यात वर म्हैस आहे. तिला कोण थांबवणार? शिवाय १८,००० नोंदी, प्रत्येकी काहीशे बाइट, म्हणजे काही एमबी. पडू द्या रांगेत. रांग लांब झाल्याचा त्रास नाही इथं, त्रास शिळ्या मालाचा आहे. प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारा, पाठवण्याआधी बघा, तीन तासांपेक्षा जुनी असेल तर एसेमेस सोडून द्या आणि तसं नोंदवून ठेवा. एसएमपीपीत व्हॅलिडिटी पिरियडचा रकाना आहे, तोही भरा, म्हणजे बंद असलेला फोन रात्री चालू झाला तर सकाळचा एसेमेस तिथंच विरेल.

शिवारातला, गुरुवार सकाळी ७:५०

मी संगणकातला नाही, दूध घालणारा आहे. आमच्या केंद्रावर माप झालं की चिठ्ठी तिथंच हातात मिळते. एसेमेसला बटण दाबायची वाट का बघता? ज्याचं माप झालं त्याचा सोडून द्या की.

रात्रपाळी, गुरुवार सकाळी ८:२२

शिवारातला, तुम्ही आम्हा सगळ्यांना गप्प केलंत. सहा ते साडेआठ म्हणजे ९,००० सेकंद. १८,००० संदेश. सेकंदाला दोन. तुकडे धरले तरी चार. ३० ची मर्यादा लांबूनही दिसणार नाही. आम्ही काल रात्रभर बादलीचं भोक मोजत बसलो होतो.

कळशी, गुरुवार सकाळी ९:१५

काका, तुमचं अगदी बरोबर. बटण ठेवण्याला कारण मात्र आहे. कधी कॅन बदलतो, कधी खाते क्रमांक चुकतो, सचिव केंद्र बंद करण्याआधी दुरुस्ती करतो. चुकीचा एसेमेस गेला की भांडणं. पण दुरुस्त्या बहुतेक लगेचच होतात, पुढचा माणूस काट्यावर यायच्या आत. मापानंतर दहा मिनिटं नोंद राखून ठेवायची, तोवर दुरुस्ती झाली नाही तर सोडायची. जमेल हे.

उसाचाफड, गुरुवार सकाळी ११:०३

७६ चे ७० करायला टेम्प्लेट (एसेमेसचा ठरलेला नमुना) बदलू नका घाईत. डीएलटीवर (असे नमुने नोंदवायची व्यवस्था) मंजुरी लागेल पुन्हा. ८ मार्च २०२१ आठवतोय ना? टेम्प्लेट जुळवणी कडक लागू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. ट्रायला (दूरसंचार नियामक) ती सात दिवस स्थगित ठेवावी लागली. आमचा त्या दिवशीचा सगळा गाळपाचा हिशेब फोनवर तोंडी झाला होता.

कळशी, शुक्रवार रात्री ११:२०

आजचा ताजा प्रकार. दुपारी चार तालुक्यांत लाइट गेली, संध्याकाळी सव्वासहाला आली. सगळे डबे एकाच क्षणी जागे झाले, एकाच क्षणी जोडायला धावले, एन्क्रिप्शनच्या हस्तांदोलनातच सर्व्हर गुदमरला, सगळ्यांची जोडणी तुटली, आणि बरोब्बर पाच सेकंदांनी सगळे पुन्हा एकत्र आले. पाच सेकंद मीच लिहिले होते. दहा मिनिटं कवायत चालू होती.

राईनकाठ, शुक्रवार रात्री ११:४४

पाचच्या जागी शून्य ते पाच मधला कुठलाही आकडा, मग शून्य ते दहा, शून्य ते वीस, वर पाच मिनिटांची टोपी. नुसतं दुप्पट करत गेलात तर सगळे मिळून दुप्पट थांबतील आणि पुन्हा एकत्रच येतील. चिठ्ठी टाकून आकडा काढणं महत्त्वाचं.

डबा एमक्यूटीटी ५ बोलतो का? त्यात जोडताना सर्व्हर रिसीव्ह मॅक्सिमम सांगू शकतो: पोच न मिळालेले इतकेच संदेश माझ्याकडे असू देत. काही सांगितलं नाही तर ६५,५३५ धरतात, म्हणजे लगाम नसल्यातच जमा. १० सांगा, मग साठलेल्या नोंदी डबा दहा-दहानं देईल. हे फक्त क्यूओएस १ आणि २ ला (पोच मागणाऱ्या पातळ्या). शून्यवाले मोकाट.

कळशी, शुक्रवार रात्री ११:५८

३.१.१ आहे. दोनशे चाळीस डबे गावोगाव फिरून बदलायचे... चिठ्ठीचं मात्र उद्याच करतो.

तारघर, शनिवार सकाळी ६:४०

एमक्यूटीटी जन्मलं १९९९ मध्ये, तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवायला, महागड्या उपग्रह जोडणीवरून. तिथं एका बाइटचेही पैसे मोजावे लागत. तुमचे डबे त्या मानानं श्रीमंताघरचे.

कळशी, पुढच्या बुधवारी रात्री १०:१०

प्रगती सांगतो. दुसरा सर्व्हर राखीव. वेग २७, बादली ३. ५८ आला तर सगळं थांबतं, पण शनिवारपासून एकच आला, तोही मी मुद्दाम आणलेला. दहा मिनिटांची राखण सुरू झालीय, आज सकाळचा शेवटचा एसेमेस ८:४३ ला गेला. मामा म्हणाले, कॅन धुवायच्या आत आला. (फॅट ३.९ कशी लागली, ४.१ पाहिजे होती, यावर वीस मिनिटं बोलले, तो भाग सोडतो.) पुरवठादाराशी बिलाची बोलणी चालू आहेत, त्यांचं म्हणणं तुकडे गेले ते गेले.

आणि टेम्प्लेटमधून "दूध" आणि "रु." काढले. ७६ चे ६८ झाले. एका तुकड्यात! आजच मंजुरी आली.

शिवारातला, पुढच्या बुधवारी रात्री १०:३५

अभिनंदन. आमची म्हैस आहे, आम्हाला पण तसाच येणार ना?

तारघर, पुढच्या बुधवारी रात्री १०:५१

थांबा. "गाय" तीन चिन्हं. "म्हैस": म, हलन्त, ह, मात्रा, स. पाच. ६८ चे ७०. काठावर बसलं. पण दहा लिटरच्या वर घातलं तर लिटरमध्ये एक आकडा वाढला, ७१. वीस लिटर घालणाऱ्याची रक्कम हजारावर गेली की ७२.

शिवारातला, पुढच्या बुधवारी रात्री १०:५४

मी बावीस घालतो.

कळशी, पुढच्या बुधवारी रात्री ११:०२

बोंबला. "दि." काढतो, मागची मोकळी जागा धरून चार वाचतात. बावीस लिटर म्हैस ६८. उद्या टेम्प्लेट परत मंजुरीला.